मालकालाच चोर समजणारे कुलूप

१/ पुण्याच्या वेताळ टेकडीला अनेकजण ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था भारतीय वाहनमानके प्रसिद्ध करते. मोटारीच्या चोरीप्रतिबंधाची मानकेही त्यांतच येतात. या यंत्रणेचा जुना पेच मात्र एकच आहे : तिने मालकालाच चोर ठरवले तर?

२/ १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीत एक रेझिस्टर बसवलेला असे. १५ मूल्यांपैकी नेमके मूल्य जुळले तरच इंजिन सुरू होई. संपर्कपट्ट्या मळल्या की मूल्य चुकीचे वाचले जाई आणि मालकच काही मिनिटे खोळंबून राही.

३/ पुढे किल्लीत बॅटरीविना चालणारी चिप आली. कुलपाभोवतीचे तारेचे वेटोळे तिला ऊर्जा पुरवते. तिची ओळख पटली नाही, तर इंजिन चालू राहत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली.

४/ संपर्कपट्ट्या गेल्या, म्हणून मळाचा दोषही गेला. निदान मात्र अवघड झाले, कारण चिपमधला बिघाड डोळ्यांना दिसत नाही. त्यावरची पहिली कसोटी साधी आहे. दुसऱ्या किल्लीने गाडी सुरू झाली, तर संशय पहिल्या चिपवर. दोन्हींनी झाली नाही, तर वेटोळे, तारा आणि नियंत्रक तपासावे लागतात.

५/ घरच्या कपाटात पडून असलेली दुसरी किल्ली हेच आजही निदानाचे पहिले साधन आहे.