गरोदरपणात लस घ्यावी की नाही? टोळी निघायच्या आधी हे वाचून घ्या

बीड : घरातली सून दोन जिवांची आहे असं कळलं की आशाताई दारात येतात, नाव नोंदवून घेतात आणि सांगतात, "उपकेंद्रावर या, इंजेक्शन घ्यायचंय." तिथून घरात चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं? शेजारीण म्हणते, माझ्या भाचीला इंजेक्शननंतर ताप आला होता. नवरा म्हणतो, आधी कारखान्यावर तर जाऊ, मग बघू. आणि जिच्या पोटात बाळ आहे तिला नेमकं काय ते कुणी नीट सांगतच नाही.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न जास्त अवघड होतो, कारण दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. पहिलं इंजेक्शन गावात होतं आणि दुसऱ्याची तारीख येते तेव्हा बाई सातारा, सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असते. म्हणून कोणती लस गरजेची, कोणती विचारून घ्यायची आणि कोणती टाळायची, याची ही माहिती.

थोडक्यात उत्तर

- धनुर्वाताची लस (टीडी) प्रत्येक गरोदर बाईनं घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.
- फ्लू आणि डांग्या खोकल्याची लस फायद्याची आहे, पण डॉक्टरांना विचारून ठरवावी.
- गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात घ्यायची नाही.
- कुत्रं चावलं तर गरोदर असली तरी रेबीजची लस घ्यायचीच.

हे इंजेक्शन नेमकं कशासाठी?

गावात याला अजून 'टीटीचं इंजेक्शन' म्हणतात. 2019 पासून देशाच्या लसीकरण कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी लस आली. टीटी फक्त धनुर्वातावर होती. टीडीमध्ये धनुर्वात आणि घटसर्प अशा दोन्ही आजारांपासून संरक्षण आहे.

धनुर्वाताचे जंतू माती, शेण आणि धुळीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. बाळंतपणात नाळ गंजक्या ब्लेडनं, विळ्यानं किंवा न उकळलेल्या कात्रीनं कापली, किंवा नाळेवर शेण-माती, राख लागली, तर जंतू तिथून बाळाच्या अंगात शिरतात. बाळ जन्मतं तेव्हा चांगलं असतं. पहिले दोन दिवस दूध ओढतं, रडतं. मग साधारण तिसऱ्या दिवसापासून 28 दिवसांच्या आत केव्हाही त्याचा जबडा आवळतो, दूध ओढता येत नाही, अंग ताठ होऊन झटके येतात. त्यानंतर बाळ वाचवणं मोठ्या दवाखान्यातसुद्धा फार कठीण जातं.

बाळाला जन्मल्यावर लस देऊन हे टाळता येत नाही, तेवढा वेळच नसतो. म्हणून लस आईला देतात. आईच्या अंगात तयार झालेलं संरक्षण वारेतून पोटातल्या बाळाला मिळतं आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्याच्या कामी येतं. इंजेक्शन एक, पण त्याचा उपयोग दोघांना होतो.

'आता धनुर्वात कुठं राहिलाय?'

हा प्रश्न बरोबर आहे. 1988 च्या सुमाराला जगात वर्षाला साधारण 7 लाख 87 हजार नवजात बाळं या आजारानं जात होती, आणि त्यातली मोठी संख्या भारतातली होती. आपल्याकडं आईला लस, दवाखान्यात बाळंतपण आणि नाळेची स्वच्छता या तीन गोष्टींमुळं चित्र पालटलं. 2015 मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं.

पण इथं 'निर्मूलन' याचा अर्थ आजार संपला असा नाही. प्रत्येक जिल्ह्यात 1,000 जिवंत जन्मांमागं एकापेक्षा कमी बाळाला हा आजार होतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. माती तीच आहे, शेणही तेच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गोवर एकाकडून दुसऱ्याला होतो, त्यामुळं सगळ्या गावानं लस घेतली की राहिलेल्या एखाद्या पोरालाही आडोसा मिळतो. धनुर्वाताचं तसं नाही. तो माणसाकडून माणसाला होत नाही, तो मातीतून येतो. शेजारणीनं, जावेनं, सगळ्या वस्तीनं लस घेतली तरी आपण घेतली नाही तर आपल्या बाळाला काहीच संरक्षण नाही.

किती डोस, कधी?

- पहिला डोस (टीडी-1) : गरोदरपण कळल्यावर लवकरात लवकर. नाव नोंदणी 12 आठवड्यांच्या आत करावी, तेव्हाच हा डोस होऊ शकतो.
- दुसरा डोस (टीडी-2) : पहिल्यानंतर 4 आठवड्यांनी.
- बूस्टर : मागच्या 3 वर्षांच्या आतल्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील तर या वेळी एकच डोस पुरतो.

दुसरा डोस किंवा बूस्टर 36 आठवड्यांच्या आत व्हावा, कारण अंगात संरक्षण तयार व्हायला बाळंतपणाआधी किमान दोन आठवडे हातात लागतात. पण उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नाही. 36 आठवडे उलटले तरी डोस देतात. आधी एकही डोस नसेल तर कळा सुरू झाल्यावरही देतात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी काय करावं?

एक हिशेब बघा. समजा, आष्टी किंवा धारूर तालुक्यातल्या एखाद्या बाईनं 1 ऑक्टोबरला पहिला डोस घेतला. दुसऱ्याची तारीख येते 29 ऑक्टोबर. टोळी 20 तारखेला निघाली तर दुसरा डोस गावात होणारच नाही. कोपीवर गेल्यावर पहाटेपासून तोड, मग मोळ्या, मग गाडी भरणं. दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. मुकादमाची उचल अंगावर असताना एका इंजेक्शनसाठी खाडा कुणाला परवडतो? त्यामुळं दुसरा डोस राहतो तो बाईच्या हलगर्जीपणानं नाही, तर कामाच्या गणितानं राहतो.

आणि नेमकं इथंच त्याची गरज सगळ्यात जास्त असते. दिवस भरत आलेली बाई फडात असेल, रात्री कळा आल्या, गाडी वेळेवर मिळाली नाही, तर बाळंतपण कोपीतच होतं. खाली माती, बाजूला बैलं, नाळ कापायला हाताला येईल ते. घरी-दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईपेक्षा फडातल्या बाईच्या बाळाला धनुर्वाताचा धोका जास्त आहे. कोयत्यानं हाताला-पायाला जखम होते, ती वेगळीच.

म्हणून निघायच्या आधी आणि निघाल्यावर एवढं करावं :

1. तारखा मोजून घ्या. टोळी कधी निघणार हे माहीत असेल तर पहिला डोस त्याच्या 4 आठवडे आधी घेता येतो का ते बघा. दोन्ही डोस गावातच होतील. मात्र दोन डोसांमधलं 4 आठवड्यांचं अंतर घाई करून कमी करायचं नाही.
2. कार्ड सोबत न्या. माता व बाल संरक्षण कार्डावर डोसाची तारीख लिहिली आहे का ते तिथंच तपासा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. कोपीत कागद भिजतो, फोटो राहतो.
3. आशाताईंना सांगून जा. कुठल्या तालुक्यात, कुठल्या कारखान्यावर जाणार ते सांगा. यू-विन या सरकारी पोर्टलवर नोंद असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातही मागचे डोस बघता येतात.
4. तिथं गेल्यावर जवळचं उपकेंद्र विचारा. दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली बाई म्हणून लस नाकारता येत नाही. कर्नाटकातही हीच लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे.
5. लसीकरणाचा दिवस विचारून ठेवा. नर्सबाई ठरलेल्या दिवशी गावात येतात. टोळीत दोन-तीन गरोदर बाया असतील तर मुकादमाशी एकदाच बोलून एकत्र जा.
6. नंबर लक्षात ठेवा. बाळंतपणासाठी 102 आणि तातडीच्या वेळी 108 ही रुग्णवाहिका मोफत मिळते.

तारीख हुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. राहिलेला दुसरा डोस जमेल त्या दिवशी घ्यायचा.

घरात विचारले जाणारे प्रश्न

इंजेक्शननं पोटातल्या बाळाला इजा होते का?
नाही. टीडीमध्ये जिवंत जंतू नसतो. जंतूचं विष निकामी करून त्यापासून ही लस बनते. अनेक दशकांपासून जगभर कोट्यवधी गरोदर बायांना धनुर्वाताची लस दिली गेली आहे. तिच्यामुळं बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही.

इंजेक्शननंतर एकीचा गर्भ पडला, त्याचं काय?
कळून आलेल्या दर 100 गरोदरपणांपैकी साधारण 10 ते 15 आपोआप पडतात, आणि ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. पहिला डोसही त्याच काळात असतो. त्यामुळं एकामागं एक घडलेल्या दोन गोष्टी जोडल्या जातात. लस न घेतलेल्या बायांमध्येही गर्भ पडतोच.

दवाखान्यातच बाळंतपण करणार, मग कशाला?
ठरवलेलं असतं दवाखान्याचं, पण कळा वाटेत येतात. शिवाय दोन-तीन दिवसांनी बाळ घरी येतं तेव्हा नाळ अजून गळलेली नसते. नाळेला हळद, तेल, राख, शेण काहीही लावायचं नाही. ती कोरडी ठेवायची.

मागच्या बाळाच्या वेळी घेतलं होतं, आता परत?
दोन डोसांचं संरक्षण साधारण 3 वर्षं धरतात. त्याच्या आत असाल तर एक बूस्टर, पुढं गेलं असेल तर पुन्हा दोन. जुनं कार्ड म्हणूनच जपून ठेवायचं.

डॉक्टर-नर्सला उलटं विचारलं तर राग येईल का?
विचारणं हा बाईचा हक्क आहे. याच जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्यानंतर 'हे कशासाठी आहे?' असं कुणी विचारलं तर त्यात चूक काहीच नाही. फक्त फरक ओळखायचा. कापून काढलेलं परत येत नाही, तिथं दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायलाच हवं. टीडी ही देशभर प्रत्येक गरोदर बाईला मोफत मिळणारी लस आहे, त्यात कुणाचं बिल वाढत नाही.

बाकीच्या लसींचं काय?

फ्लू : गरोदरपणात फ्लू जड जातो, न्यूमोनियापर्यंत पोचतो. 2015 मध्ये राज्य सरकारनं गरोदर बायांना स्वाइन फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. साठा प्रत्येक केंद्रात असेलच असं नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. ज्यांना दमा, साखर, बीपी आहे त्यांनी तर नक्कीच विचारा.

डांग्या खोकला (टीडॅप) : बाळाची या आजारावरची पहिली लस दीड महिन्याला होते, तोपर्यंत ते उघडं असतं. आईनं 27 ते 36 आठवड्यांत टीडॅप घेतली तर तेवढे दिवस बाळाला आधार मिळतो. स्त्रीरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना ही लस सुचवते. सरकारी कार्यक्रमात ती नाही, खासगीत पैसे पडतात. टीडीच्या दुसऱ्या डोसाऐवजी ती चालते, पण ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पैसे नसतील तर मन खायचं कारण नाही, टीडी मात्र चुकवू नका.

गोवर-रुबेला, कांजिण्या : यात जिवंत पण अशक्त केलेला विषाणू असतो, म्हणून गरोदरपणात देत नाहीत. रुबेलाची लस लग्नाआधी किंवा दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी घ्यावी. गरोदर आहे हे न कळता चुकून घेतली गेली तर घाबरून गर्भ पाडायचा नाही, डॉक्टरांना सांगायचं.

रेबीज : रेबीज झाला की माणूस वाचत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. गरोदर आहे म्हणून लस थांबवायची नाही, सगळे डोस पूर्ण करायचे.

लस घेतल्यावर

अर्धा तास केंद्रावरच बसा. दंड दुखणं, थोडी सूज, अंगात कणकण हे एक-दोन दिवसांत जातं. दंडाला तंबाखू, चुना, लेप काही लावू नका. ताप आला तर नर्सबाईंनी सांगितलेलीच गोळी घ्या. अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, चेहरा सुजला तर लगेच डॉक्टरांकडं जा. अंगातून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, तर ते इंजेक्शनचं आहे असं समजून घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा. मागच्या वेळी याच लसीनं जोराचा त्रास झाला असेल, तर ते आधीच सांगा.

केंद्रावरून निघताना तीन गोष्टी विचारा : आज कोणता डोस दिला, पुढचा कोणत्या तारखेला, आणि मी गावात नसले तर कुठं घेऊ? तिन्हीची उत्तरं कार्डावर लिहून घ्या. गाडीत भांडी, गोधड्या, पोरं सगळं भरलं जातं. त्यात हे कार्डही आठवणीनं घालायचं.