पवळाबाई हिवरगावकर आणि तमाशाचा इतिहास

लावणीचा इतिहास आजवर मुख्यतः शाहिरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. रचनेच्या अखेरीस ज्याची नाममुद्रा, त्याचे कर्तृत्व, असा हा हिशेब होय. परंतु लावणी ही केवळ वाचावयाची रचना नव्हे. ती गळ्याने, पदन्यासाने आणि अदेने सिद्ध होते. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पवळाबाईंच्या चरित्राचे महत्त्व स्पष्ट होते.

पवळाबाई तबाजी भालेराव यांचा जन्म १८७० साली संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे झाला. त्या महार समाजातील. कलावंतिणींच्या बैठकीत स्त्री गात असली, तरी ढोलकीच्या फडात स्त्रीचे सोंग नाच्या पोऱ्या आणीत असे. अशा फडात बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचे नाव घेतले जाते.

पुढे त्यांची गाठ पठ्ठे बापूरावांशी पडली. बापूराव म्हणजे वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५). ब्राह्मण असून ते तमाशात शिरले व जातीस पारखे झाले. मुंबईत घाटावरून आणि कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांचा मोठा प्रेक्षकवर्ग होता. तेथे या दोघांच्या फडाने अमाप लोकप्रियता मिळविली. कालांतराने उभयतांची ताटातूट झाली. १९३९ साली पवळाबाई निवर्तल्या.

लोकस्मृतीने मात्र या सहकार्याची वाटणी समान केली नाही. बापूरावांनी जात सोडली, हा त्याग ठरला. पवळाबाई त्या त्यागाचे निमित्त तेवढ्या उरल्या. वस्तुतः बापूरावांना सोडण्यासारखी प्रतिष्ठा होती. पवळाबाईंना जात सोडण्याची मुभाच नव्हती. जन्माने आलेला कमीपणा आणि तमाशातील स्त्रीच्या वाट्यास येणारी निंदा, दोन्ही सोशीत त्यांनी आपली कला उभी केली.

याच काळात अमेरिकेत कृष्णवर्णीय गायिकांनी असाच मार्ग आक्रमिला होता. मॅमी स्मिथ यांची ‘ब्लूज’ गीताची ध्वनिमुद्रिका १९२० साली निघाली. १९२३ पासून बेसी स्मिथ यांच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. त्यांतील पुष्कळ गीते इतरांनी रचलेली होती. तरीही जॅझच्या इतिहासात ती गायिकांच्या नावे ओळखली जातात, कारण तेथे आवाज हेच प्रमाण मानले गेले. अर्थात कीर्तीने उपेक्षा टळतेच असे नाही. १९३७ साली वारलेल्या बेसी स्मिथ यांच्या थडग्यावर १९७० पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

शाहिराचा शब्द छापून टिकतो, गायिकेची अदा प्रयोगाबरोबर संपते. हा साधनांचा दोष आहे, कर्तृत्वाचा नव्हे. म्हणून तमाशाच्या अभ्यासात छापील संग्रहांच्या जोडीला ढोलकीवाले, सुरत्ये, सोंगाड्ये यांच्या घराण्यांतील मौखिक परंपराही प्रमाण म्हणून तपासणे अगत्याचे आहे. तसे झाले तरच पवळाबाई शाहिराच्या चरित्रातील एक प्रकरण न राहता लावणीच्या सहनिर्मात्या म्हणून इतिहासात स्थान पावतील.