नाणेघाट : लेख आणि वाट

जुन्नरच्या पश्चिमेस घाटघर गावाजवळ सह्याद्रीचा माथा एका अरुंद खिंडीने भेदलेला आहे. कोकणातील वैशाखऱ्याकडून चढून येणारी जुनी पाऊलवाट या खिंडीतून देशावर येते. हाच नाणेघाट होय. खिंडीच्या किंचित खाली, कोकणाकडे तोंड करून, सातवाहनांचे सुप्रसिद्ध लेणे आहे. त्यातील लेखाचा अभ्यास एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली त्यातील अंकांचे विवेचन प्रसिद्ध केले व १८८३ साली ब्यूलर यांचे वाचन पुढे आले. तेव्हापासून विद्वानांचे लक्ष कालनिर्णय व वंशावळ या दोन प्रश्नांवरच खिळून राहिले. ठशावरून लेख वाचणाऱ्यास वाट दिसत नाही. आणि वाट वगळली तर या लेखाचे निम्मे प्रयोजन कळत नाही, असे आम्हांस वाटते.

लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन असून पुढे अश्वमेधादी श्रौत यज्ञांची व त्यांतील दक्षिणांची यादी येते. एका ठिकाणी ११,००० गाई व १,००० घोडे, तर दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण असे आकडे आहेत. मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, राणी नायनिका व राजा सातकर्णी, महारठी व राजकुमार यांच्या प्रतिमा होत्या. आज केवळ पायांचे अवशेष व वरची नावे उरली आहेत.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. वैदिक यज्ञांचा हा एवढा पसारा यज्ञभूमीत किंवा राजधानीत न कोरता घाटाच्या तोंडाशी का कोरला? हे लेणे भिक्षूंचा विहार नव्हे. ओझे घेऊन सारा घाट चढून आलेला माणूस जेथे दम घेण्यास थांबेल, नेमके तेथेच ते आहे. अक्षरे वाचता न येणाऱ्यालाही समोर ओळीने उभे असलेले राजकुल दिसत असणार. आपण कोणाच्या राज्यात पाऊल टाकीत आहोत, हे त्याला देशावर पोहोचण्यापूर्वीच कळत होते.

वाटसरूंची बाजूही येथे दगडात नोंदलेली आहे. घाटातील एका पाण्याच्या टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. लेखात टाक्यास ‘पोढी’ असा शब्द येतो. समुद्रकाठच्या बंदरातील गृहस्थ डोंगरमाथ्यावर पाणी साठवून ठेवतो, यावरून रहदारीचा जेवढा बोध होतो तेवढा दहा नाण्यांवरूनही होणार नाही. हाच धागा पुढे जुन्नरच्या लेण्यांत सापडतो. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिलेले आहे. अन्य लेखांत यवन दाते भेटतात व धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दानही आढळते. मानमोडीच्या लेखात नहपानाचा अमात्य अयम येतो. ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात असे म्हटले आहे. बंदराच्या या अडवणुकीचा परिणाम घाटावर कसा झाला असेल, हा विषय स्वतंत्र अभ्यासास योग्य आहे.

माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा, ही समजूत सर्वश्रुत आहे. ती अशक्य नाही. तथापि लेण्यातील मोठ्या लेखात जकातीचा उल्लेख नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

खेड तालुक्यातील भीमाशंकरलाही कोकणातून खांडसच्या बाजूने पायवाटा चढतात. तेथील अरण्य १९८५ साली अभयारण्य झाले. मंदिरासमोरील पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतील मानली जाते; समुद्रकाठची वस्तू डोंगरावर येण्याचे हे फार पुढचे उदाहरण होय. परंतु व्यापारी मार्ग म्हणून नाणेघाटाशी या वाटांची बरोबरी करण्यास आधार नाही.

बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता व १८६३ साली लोहमार्ग झाल्यावर मोठी वाहतूक तिकडे वळली. आता घाटघरकडून माथ्यापर्यंत मोटार जाते. त्यामुळे बहुतेक अभ्यासक प्रथम रांजण पाहतात, मग खिंड उतरून लेण्याशी येतात. म्हणजे प्राचीन प्रवाशाचा क्रम उलटा होतो. क्षेत्राभ्यासासाठी निघणाऱ्या तुकडीने वैशाखऱ्याकडून पायी चढावे, आणि प्रत्येक टाके, प्रत्येक पायरी व विसाव्याची प्रत्येक जागा क्रमाने नकाशावर मांडावी. हे काम पावसाळा संपताच, टाक्यांत पाणी असतानाच करणे सोयीचे.