चार कोडी म्हणजे ऐंशी

धाकट्या लेकीनं पुण्यात फ्रेंचचा वर्ग लावला. संध्याकाळी ती मोठ्यानं आकडे पाठ करायची आणि मी शेजारी बसून ऐकायचो. मी आपला साधा बी.ए. झालेला माणूस, भाषेचा नाद लागला तो कवितेमुळे. पन्नाशी उलटल्यावर नवी भाषा शिकायची तर आकड्यांपासून सुरुवात बरी, म्हणून मीही तिच्याबरोबर मोजू लागलो.

साठपर्यंत गाडी रुळावर होती. मग सत्तर आले. सत्तरला फ्रेंच माणूस म्हणतो 'स्वासाँत-दीस', म्हणजे साठ-दहा. ऐंशीला 'कात्र-व्हँ', म्हणजे चार-वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा, आणि नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ! लेक वैतागली. म्हणाली, "अब्बा, हा आकडा आहे की उदाहरण?"

मी मात्र गप्प झालो. हा ऐंशी मी पूर्वी ऐकला होता. फ्रान्समध्ये नव्हे, आमच्या ओसरीवर.

आमचं गाव मागांचं. विणून आलेले पंचे मोजायचं काम दादीकडे असे. वीस नगांची एक कोडी. गड्डीवर हात ठेवत ती दखनीत मोजायची, "एक कोडी, दो कोडी, तीन कोडी..." ऐंशी म्हणजे चार कोडी. नव्याण्णव म्हणजे "पाच कोडी में एक कम". दादीला अक्षरओळख नव्हती, पण तिच्या हिशेबात एक पंचा कधी इकडचा तिकडे झाला नाही.

मी दुसरीत होतो. मराठी शाळा. गुरुजींनी फळ्यावर ८५ लिहून मला वाचायला सांगितलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "चार कोडी पाच." वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि त्यांनी मला बाकावर उभं केलं. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी काय केलं, ते शेवटी सांगतो.

विसाविसानं मोजणं ही अडाण्यांची रीत, असा आपला एक समज आहे. खरं तर माणसाला हातापायांची मिळून वीस बोटं, एवढं साधं त्याचं मूळ असावं. वेल्स, ब्रिटनी, बास्क प्रदेश इथल्या भाषांतही विसाची मोजणी आहे. फ्रेंचमध्ये ती कुठून आली? काही पंडित रोमनांच्या आधीच्या गॉल लोकांकडे बोट दाखवतात, काही उत्तरेकडून आलेल्या नॉर्मनांकडे. वाद मिटलेला नाही. पण फ्रेंचची आई जी लॅटिन, तिच्यात सत्तर, ऐंशी, नव्वदला दहाच्या पटीतले सरळ शब्द होते. म्हणजे चार-वीस हे आईकडून आलेलं लेणं नव्हे, ते लोकांच्या तोंडून आलेलं.

जुन्या फ्रेंचमध्ये तर तीन-वीस, सहा-वीस असंही सर्रास म्हणत. १२६० च्या सुमारास राजा नववा लुई यानं पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी आश्रयगृह उभारलं. त्याचं नाव पडलं 'कँझ-व्हँ', म्हणजे पंधरा-वीस. पंधरा विसा तीनशे! पुढे अशी कथा पसरली की, धर्मयुद्धात मुसलमानांनी डोळे काढलेल्या तीनशे सरदारांसाठी ते बांधलं. इतिहासकार ही कथा मानत नाहीत. तिथे राहत ते गोरगरीब अंध. आकडा खरा, कहाणी मागाहून चिकटवलेली. आज त्याच नावानं पॅरिसमध्ये डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे. १६६८ साली मोलिएरनं एका कंजुषावर नाटक लिहिलं, त्यातही एकशे वीस वर्षांच्या आयुष्याला 'सहा-वीस' म्हटलं आहे.

सत्तरला 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' हे सरळ शब्दही फ्रेंचमध्ये होतेच. पण १६४७ साली व्होजला या भाषापंडितानं आपल्या पुस्तकात निवाडा दिला की, साठ-दहा म्हणणं हेच शुद्ध. म्हणजे गंमत पाहा, जी रीत आमच्या शाळेत अडाणी ठरली, तीच तिकडे दरबारी शुद्ध भाषा झाली! शेजारच्या बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र लोक आजही सेप्ताँत, नोनाँत म्हणतात. स्वित्झर्लंडच्या काही भागांत ऐंशीला 'उइताँत'ही म्हणतात. पण बेल्जियममध्ये ऐंशीला चार-वीसच.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. क्रांतिकारकांना दहाच्या आकड्याचं भलतं वेड. १७९३ मध्ये त्यांनी दहा दिवसांचा आठवडा केला. दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं केली. १७९५ मध्ये मीटर आणि ग्रॅम आणले. दहा तासांचं घड्याळ लवकरच बारगळलं, नवं कॅलेंडर १८०६ च्या पहिल्या दिवशी गेलं, मीटर मात्र जगभर पोचला. ज्यांनी राजाचं मुंडकं उडवलं, देवळांना कुलपं लावली, त्या लोकांच्याही जिभेवर ऐंशी राहिला तो चार-वीसच! पुढे १९४५ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्यानं, मुलांना हिशेब सोपा जावा म्हणून सेप्ताँत, ऑक्ताँत, नोनाँत शिकवण्याची शिफारस केली. लोकांनी ऐकलं नाही.

हे वाचताना मला २०१९ सालचा आपल्याकडचा गदारोळ आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन दिलं आणि महाराष्ट्र पेटून उठला. विधानसभेपर्यंत चेष्टा झाली. मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाई शांतपणे सांगत होत्या की, जुने शब्द काढलेले नाहीत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी वाट दिली आहे. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणारा मी कोण? पण तेव्हा मला बाकावर उभा असलेला तो मुलगा दिसला. त्याच्याकडेही मोजायची दुसरी वाटच होती.

एक शब्द लेकीच्या वहीत मला आणखी भेटला. फ्रेंचमध्ये अंकाला 'शीफ्र' म्हणतात. आमच्या घरी शून्याला 'सिफर'. दोन्ही एकच! आपल्या शून्याचं अरबांनी भाषांतर केलं 'सिफ्र', म्हणजे रिकामं. बगदादेत नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीनं भारतीय अंकांवर पुस्तक लिहिलं, ते पुढे लॅटिनमध्ये गेलं. त्या वाटेनं सिफ्र युरोपात पोचला आणि त्याचे दोन शब्द झाले, एक 'शीफ्र' आणि दुसरा 'झेरो'. संस्कृतातून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये आणि तिथून फ्रेंचमध्ये गेलेल्या या शब्दाला कुणी बाकावर उभं केलं नाही.

आता राहिलेलं सांगतो. त्या संध्याकाळी मी घरी गेलो. दादी पंचे मोजत होती. मी दप्तर फेकलं आणि ओरडलो, "कोडी मत बोल. ऐंशी बोल. सब हसते." दादीनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. त्यानंतर मी घरात असलो की ती मनातल्या मनात मोजायची. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

परवा लेकीनं पुन्हा वही काढली. 'कात्र-व्हँ'पाशी अडली. मी म्हणालो, "चार कोडी म्हण, लक्षात राहील." तिनं विचारलं, "कोडी म्हणजे?" मग मी तिला दादीची सगळी गोष्ट सांगितली. आम्ही दोघांनी एकपासून शंभरपर्यंत फ्रेंचमध्ये मोजलं, मोठ्यानं, ओसरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.