साथीच्या काळातील घराचा कारभार

सर टी. माधवराव हे नाव महाराष्ट्रात बहुधा बडोद्याच्या संदर्भात घेतले जाते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या या मराठी गृहस्थाचा जन्म १८२८ साली कुंभकोणमला झाला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले हे गाव. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात आलेली अनेक मराठी घराणी तेथे स्थिरावली आणि त्यांच्या वंशजांच्या घरांत जुन्या वळणाची मराठी आजही कानी पडते. माझ्या नोकरीची काही वर्षे त्या मुलखात गेली, तेव्हापासून माधवरावांविषयीची एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. कारभारातून मोकळे झाल्यावर, १८८९ साली, त्यांनी टोपणनावाने एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. विषय राज्यकारभाराचा नव्हता, मुलांच्या संगोपनाचा होता. तिचे मराठीतही भाषांतर झाले. तीन संस्थानांचे जमाखर्च सांभाळलेल्या माणसाने म्हातारपणी घराकडे वळावे याचे मला नवल वाटत नाही. शासनाचा हात कोठवर पोहोचतो आणि कोठे थांबतो हे ज्याने आयुष्यभर पाहिले, त्याला उंबरठ्याच्या आतल्या कारभाराचे मोल कळलेले असते.

साथीच्या रोगांच्या बाबतीत ही मर्यादा फार स्पष्ट दिसते. तंजावरचे सरफोजीराजे (दुसरे) यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पाठविलेल्या एका पत्रात आपल्या राज्यातील छत्रांची व्यवस्था वर्णिली आहे. रामेश्वराच्या वाटेवरील या अन्नछत्रांत जातीचा भेद न करता प्रवाशांना जेवण मिळे, तान्ह्या मुलांना दूध मिळे, वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीची देखभाल होई आणि कोणी आजारी पडले तर औषध व पथ्याचे अन्न देऊन त्याची शुश्रूषा केली जाई. प्रशासकाच्या नजरेने वाचले तर यातील एक गोष्ट लक्षात येते. राज्याने जबाबदारी पत्करली होती ती घरापासून दूर असलेल्या माणसाची. ज्याचे घर जवळ आहे त्याला घर सांभाळील, हे त्यात गृहीत होते. १९१८ साली नेमके हेच गृहीतक कोसळले.

इन्फ्लुएन्झाची ती साथ हिंदुस्थानात मुंबई बंदरातून शिरली. १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलिसांचे सात शिपाई तापाने आजारी होऊन इस्पितळात दाखल झाले, अशी नोंद आहे. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मरण पावली. रोग रेल्वेने देशभर गेला. एकूण मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या प्रदेशातील लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

मद्रास इलाखा त्या मानाने वाचला. मुंबई इलाख्यात साथीचे मृत्यू हजारी पंचावन्नच्या आसपास होते, मद्रासेत सतराच्या आसपास. कावेरीकाठचे लोक काही विशेष काटक होते असे नाही. मुंबईपासून दूर सरकताना लाटेची धार कमी झाली, असे अलीकडचे अभ्यासक सांगतात. दुसरे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे वाटते. १९१८ चा नैर्ऋत्य मान्सून फसला होता. महायुद्धामुळे आधीच महागलेले धान्य गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले, आणि पश्चिम व मध्य हिंदुस्थानात साथ आली ती अर्धपोटी माणसांवर. भाववाढ हेही त्या साथीतील मृत्यूचे एक कारण होते, हे वैद्यकाच्या पुस्तकांत क्वचितच ठळकपणे लिहिलेले आढळते.

परंतु मला अधिक बोलका वाटतो तो वेगळा तपशील. फ्लू एरवी म्हाताऱ्यांना आणि बालकांना नेतो. १९१८ साली वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसे मोठ्या संख्येने गेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही याचे कारण दिसले होते. घरातील प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बाईच बसे. तापात असताना पाणी तीच आणी, चूल तीच पेटवी. स्वतः आडवी पडली की तिच्याकडे पाहणारे कोणी उरत नसे. सगळे घर एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळले की साधे पाणी आणि पेज यांवाचून माणसे जात. त्या काळी विषाणूवर औषध नव्हते. प्रतिजैविके आलेली नव्हती, त्यामुळे फ्लूमागून येणाऱ्या न्यूमोनियावरही इलाज नव्हता, आणि बहुसंख्य मृत्यू त्या न्यूमोनियानेच झाले असे आज मानले जाते. उपचार म्हणून जे काही हाती होते ते म्हणजे शुश्रूषा. तीच करणारे हात साथीने काढून घेतले.

शुश्रूषा म्हणजे नेमके काय, याचे एक चित्र कुंभकोणमशी निगडित आहे. श्रीनिवास रामानुजन मार्च १९१९ मध्ये इंग्लंडहून आजारी होऊन परतले. काही महिने ते कुंभकोणमला होते, पुढे मद्रासला नेले आणि एप्रिल १९२० मध्ये वारले. त्यांचा आजार फ्लू नव्हता. पण त्यांच्या पत्नी जानकी यांनी पुढे सांगितलेल्या आठवणी या विषयाला लागू पडतात. ठरलेल्या वेळी भात, लिंबाचा रस, ताक देणे आणि छाती-पाय दुखू लागले की शेक देणे, एवढे त्यांचे काम. पाणी तापवायची ती दोन भांडी त्यांनी अनेक वर्षे जपून ठेवली होती. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे रामानुजनांचे जुने घर आज स्मारक म्हणून पाहता येते. पाहुणे तेथे गणिताच्या ओढीने जातात. मला मात्र तेथे त्या दोन भांड्यांची आठवण झाली.

पुढची ओळखीची साथ २००९ ची. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जूनला स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली आणि ऑगस्टच्या आरंभी देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा, चढ्या भावाने विकले गेलेले मास्क आणि बंद शाळा-चित्रपटगृहे अनेकांना आठवत असतील. २०२० ची महासाथ वेगळ्या विषाणूची होती. तिची कथा येथे सांगत बसत नाही, कारण ती प्रत्येक घराने स्वतः अनुभवली आहे. दोन्ही वेळा एक गोष्ट तीच घडली. भीती पसरल्यावर सर्वांनी एकाच दिवशी खरेदी केली.

साठा आणि साठेबाजी यांतील फरक वस्तूंच्या राशीपेक्षा वेळेवर अधिक ठरतो. शांततेच्या दिवसांत दर महिन्याच्या किराण्यात थोडे अधिक घेऊन दोन आठवड्यांची बेगमी केली तर बाजाराला त्याची जाणीवही होत नाही, उलट संकटाच्या दिवशी रांगेत एक माणूस कमी उभा राहतो. तेच सामान साथीच्या बातमीनंतर घेतले तर ते शेजाऱ्याच्या ताटातून घेतलेले असते. बेगमीही रोजच्या खाण्यातली असावी. तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, मीठ, साखर, लिंबाचे लोणचे. आजाऱ्याला पचेल आणि कोणाही नवशिक्याला शिजवता येईल असे. ज्यांना रक्तदाब वा मधुमेहाची औषधे रोज लागतात त्यांच्याकडे ती महिनाभराची असावीत. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, साबण, थोडी रोकड, पिण्याच्या पाण्याची वेगळी भांडी. मुलांना फ्लूच्या तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये. प्रतिजैविके घरच्या घरी घेऊ नयेत, ती विषाणूवर चालत नाहीत. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होऊ लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

सामानापेक्षा अवघड आहे ते माणसांचे नियोजन. आजारी कोणत्या खोलीत राहील, खिडकी उघडी राहील की नाही, आत कोण जाईल, तो पडला तर त्याच्या जागी कोण, हे आधी बोलून ठेवावे. एकच माणूस आत जाईल, त्याने व रुग्णाने मास्क लावावा, बाहेर आल्यावर हात धुवावेत. हे काम आपोआप घरातील बाईकडे जाऊ देऊ नये. घरातील पुरुषाला आणि मोठ्या मुलाला मऊ भात व पेज शिजवता येणे ही माझ्या मते घराच्या सज्जतेची पहिली परीक्षा आहे. सरकारी निवासस्थानांत भल्याभल्या अधिकाऱ्यांना मी या परीक्षेत नापास होताना पाहिले आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या जाडजूड आराखड्यांवर सह्या करणारे आम्ही लोक, गॅसची नळी कोठे बंद करायची हेदेखील पत्नीला विचारतो!

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांची एक अडचण वेगळी आहे. मुलाच्या बदलीमुळे आई-वडील परमुलखात येतात. त्यांना तमिळ, कन्नड वा बंगाली येत नाही. मुलगा व सून दोघेही तापाने पडले तर त्या सत्तरीच्या बाईंनी रुग्णवाहिकेला काय सांगायचे? यावर मी एक साधा उपाय योजला होता. एका जाड कागदावर शेजारच्या निवृत्त शिक्षकांकडून तमिळ लिपीत लिहून घेतले होते: आईचे नाव, वय, मधुमेह, चालू औषधे, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी, घराचा पत्ता, दोन दूरध्वनी क्रमांक. तो कागद फ्रिजच्या दारावर होता. त्याच शेजाऱ्यांशी ठरले होते की एका घरी आजार आला तर दुसऱ्याने दिवसातून दोनदा दाराबाहेर डबा ठेवायचा आणि दार वाजवून निघून जायचे. छत्रांची परंपरा असलेल्या मुलखात हे मागताना संकोच वाटला नाही.

घरातली शुश्रूषा कोठे संपते हेही ठाऊक असावे. श्वासाला धाप लागणे, छातीत दुखणे, असंबद्ध बोलणे, ओठ निळसर होणे, मूल पाणीही न पिणे, किंवा ताप उतरून बरे वाटल्यावर तो पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले की रुग्णालय गाठावे. शेवटचे लक्षण विशेष महत्त्वाचे, कारण त्यामागे न्यूमोनिया असू शकतो. फ्लूवरची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पण पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाली तर अधिक उपयोगी पडतात. म्हणून वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि जुने आजार असलेल्यांनी वाट पाहत बसू नये.

लसीबाबतही मुलूख पाहावा लागतो. महाराष्ट्रात फ्लूचा जोर साधारण जुलै ते सप्टेंबर असतो, म्हणजे नैर्ऋत्य पावसाबरोबर. तमिळनाडूत मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडून येतो आणि चेन्नई-वेल्लोरकडील निरीक्षणांत फ्लूही त्याच सुमारास वाढलेला दिसतो. पुण्याच्या सवयीने मे महिन्यात दंड पुढे करणाऱ्या मराठी माणसाने कावेरीकाठी राहायला गेल्यावर तेथल्या डॉक्टरला विचारून वेळ ठरवावी. वर्षभरापूर्वीची लस या वर्षी पुरत नाही, आणि बेगमीचे तांदूळही त्याच सुमारास पालटून घेता येतात.