लॉर्ड रे यांचा निरोप आणि आटगावचा राब

#इतिहास #धागा

हार्बर मार्गावरील 'रे रोड' हे स्थानक सर्वांच्या परिचयाचे आहे. 'रे' हे कोणाचे तरी आडनाव असावे, एवढा तर्क आपण करतो आणि पुढच्या स्थानकाची वाट पाहू लागतो. मी आटगावचा. कसारा लोकलने ये-जा करणाऱ्याचा त्या स्थानकाशी फारसा संबंध येत नाही. परंतु ज्या गृहस्थाचे नाव त्याला दिले आहे, त्याच्या कारभाराचा संबंध आमच्या शहापूर तालुक्याशी मात्र फार जवळून आला. आजचा धागा त्याविषयी.

डोनाल्ड जेम्स मॅके, अर्थात अकरावे लॉर्ड रे, हे मार्च १८८५ ते एप्रिल १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. जन्म हॉलंडमधील हेग येथे, शिक्षण लायडनच्या विद्यापीठात, काही वर्षे डच संसदेचे सभासदत्व, आणि १८७७ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व. हिंदुस्थानात येणाऱ्या गव्हर्नरांमध्ये असा मनुष्य विरळाच. पुढे ब्रिटिश अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले, यावरून त्यांचा पिंड ध्यानात यावा.

गव्हर्नर परत निघाला की त्या काळी त्याच्या कारकिर्दीचा हिशेब निरनिराळ्या प्रकारे मांडला जाई. शहरातील प्रतिष्ठित मंडळी मानपत्रे देत. सरकारचे वार्षिक प्रशासन अहवाल तर असतच. आणि क्वचित लोक वर्गणी काढून कायमचे काही उभारीत. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज आकाराला आले. रे यांच्या वाट्याला मात्र एक वेगळीच गोष्ट आली. त्यांच्या पाच वर्षांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला गेला.

हा ग्रंथ सर विल्यम विल्सन हंटर यांचा. तो १८९२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. नावातच '१८८५ ते १८९०' अशी वर्षे आहेत आणि उपशीर्षकात त्याला हिंदुस्थानी राज्यकारभाराचा अभ्यास म्हटले आहे. हंटर म्हणजे 'इम्पीरियल गॅझेटियर'चे संपादक, आणि १८८२ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष. महात्मा फुल्यांनी आपले प्रसिद्ध निवेदन ज्या आयोगापुढे सादर केले, तोच हा आयोग. गंमत अशी की, हंटर यांची नोकरी बंगालमध्ये झालेली. मुंबई इलाख्यात त्यांनी कधी अधिकारपद भूषवले नाही. म्हणजे हे पुस्तक मुख्यतः कागदांवरून लिहिलेले आहे. खात्याखात्यांच्या नोंदी, अहवाल, ठराव, आकडे. आज एखाद्या सरकारच्या कार्यकाळाअखेरीस 'पाच वर्षांची वाटचाल' अशी गुळगुळीत पुस्तिका निघते, तिचे हे दणकट आणि विद्वान पूर्वज म्हणता येईल. फरक इतकाच की हंटर यांना वाचक पटवायचा होता, नुसता दिपवायचा नव्हता.

त्या यादीतील काही कामे खरोखरच मोठी आहेत, हे प्रथमच मान्य करतो. १८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा रे यांच्या कारकिर्दीतला. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्यावर कौन्सिलात किती झुंज दिली, तो स्वतंत्र विषय आहे. त्या कायद्याच्या चौकटीत मुंबईची महापालिका आजही चालते. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये स्थापन झालेली तांत्रिक शिक्षणसंस्था, म्हणजे आजची व्हीजेटीआय, हीदेखील याच काळातली. दादाभाई नौरोजी आणि न्यायमूर्ती रानडे यांना १८८५ मध्ये कायदेकौन्सिलात घेतले गेले. कौन्सिल त्या वेळी नेमलेल्यांचेच होते. तरीही कोणाला नेमायचे, यातून माणसाची पारख दिसतेच.

आणि क्रॉफर्ड प्रकरण! आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबईचे माजी म्युनिसिपल कमिशनर, म्हणजे ज्यांच्या नावाचे मार्केट आजही आहे ते. ते पुण्यास महसूल कमिशनर असताना नेमणुका आणि बढत्यांसाठी मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून पैसे घेतात, असा आरोप झाला. १८८८ मध्ये रे सरकारने इतक्या वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यावर चौकशी लावली. हे धाडस लहान नव्हते. आयोगाने लाचेच्या आरोपांतून क्रॉफर्डना सोडले, परंतु हाताखालच्यांकडून कर्जे काढल्याचा ठपका राहिला आणि त्यांची नोकरी गेली. खरा पेच पुढेच होता. ज्या मामलेदारांनी माफीच्या आश्वासनावर 'आम्ही पैसे दिले' अशी साक्ष दिली, त्यांचे काय? रे यांनी दिलेला शब्द लंडनला पूर्णपणे रुचला नाही आणि काही मामलेदारांना पदे गमवावी लागली. त्यांच्या बाजूने पुण्यात जी सभा भरली, तीत टिळक पुढे होते. गव्हर्नरने शब्द द्यावा आणि तो पाळण्याचा अधिकार मात्र सहा हजार मैलांवर असावा, ही वसाहतीच्या कारभाराची नेहमीची गोष्ट.

पुण्याच्या मंडईचे नावही एकेकाळी 'रे मार्केट' होते. १८८६ मध्ये ती खुली झाली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी या खर्चिक इमारतीला विरोध केला होता. पुढे तिलाच 'महात्मा फुले मंडई' हे नाव मिळाले. इतिहासाला कधीकधी अशी थट्टा सुचते.

आता आटगावकडे वळू.

शहापूर तालुक्याचे जुने नाव कोळवण. माहुलीच्या डोंगराखालचा हा सगळा मुलूख साग, ऐन, खैर आणि मोहाचा. १८६१ मध्ये आसनगाव ते कसारा हा लोहमार्ग खुला झाला आणि जंगल एकाएकी मुंबईच्या जवळ आले. रुळांखाली घालायचे लाकूड, शहराला लागणारे सरपण, घरबांधणीचा साग, सारे याच डोंगरांतून जाऊ लागले. जंगल झपाट्याने विरळ झाले. आणि ते कोणी विरळ केले, याचा शोध सुरू झाला तेव्हा बोट रेल्वेपेक्षा शेतकऱ्याच्या कोयत्याकडे अधिक वेळा गेले.

१८७८ च्या वनकायद्याने 'राखीव' आणि 'संरक्षित' जंगलांच्या रेषा आखल्या. त्या रेषांच्या आत गुरे चारणे, सरपण काढणे, खैरापासून कात काढणे, दळीची शेती करणे हे सारे हक्काचे न राहता सवलतीचे झाले. ठाकूर आणि कातकरी यांना याचा सर्वाधिक फटका बसला. परंतु भातशेती करणारा आगरी, कुणबी, कोळी यांपैकी कोणीही सुटला नाही. त्याचे कारण राब.

शहरातील वाचकांसाठी थोडे थांबून सांगतो. कोकणात भात प्रथम लहानशा तुकड्यात पेरून रोपे तयार करतात. त्या तुकड्यावर शेण, वाळलेल्या फांद्या, पाला, गवत आणि वर मातीचा थर असे एकावर एक रचतात आणि उन्हाळ्यात पेटवून देतात. याला राब भाजणे म्हणतात. आगीने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, राख मिळते. पहिल्या पावसात पेरलेले बी जोमाने वर येते आणि आवण लवकर लावणीला तयार होते. माझे आजोबा मार्च उलटला की फांद्या तोडायला निघत. राबाचा धूर दिसला नाही, तर त्या घरात यंदा काही बिनसले आहे असे गाव समजे.

या राबाला ऐनासारख्या झाडांच्या फांद्या लागत. जोपर्यंत वरकस जमीन आणि गावाभोवतीचे रान मोकळे होते, तोपर्यंत त्याचा प्रश्नच नव्हता. वनखात्याच्या दृष्टीने मात्र राब म्हणजे जंगलाची नासधूस. दरवर्षी झाडांची छाटणी, आणि त्यातून मिळणार काय, तर राख! अधिकाऱ्यांच्या लेखी हा शेतकऱ्याचा आडमुठेपणा होता. सागाच्या मालकीचा वाद वेगळाच. खातेदाराच्या स्वतःच्या जमिनीत उगवलेला साग त्याचा की सरकारचा, यावर वर्षानुवर्षे कागद रंगले.

१८८५ पर्यंत ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला होता की, या प्रश्नासाठी ठाण्यात स्वतंत्र संघटना उभी राहिली. अर्ज, सभा, वर्तमानपत्रांतील पत्रे यांचा पाऊस पडला. रे नुकतेच आले होते. त्यांच्या सरकारने वन आयोग नेमला. आयोगाने १८८७ मध्ये अहवाल दिला. साक्षीपुराव्यांसह तो अनेक खंडांचा आहे.

हंटर यांच्या ग्रंथात वनखात्यालाही जागा मिळाली आहे आणि रे यांच्या राज्यकारभाराची न्यायबुद्धी दाखवण्यासाठी हा आयोग एक उत्तम उदाहरण ठरतो. ते चूक नाही. लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्यासाठी त्या काळच्या सरकारने आयोग नेमावा, हे खरोखरच उल्लेखनीय होते. राब ही निव्वळ अडाण्याची सवय नसून भातशेतीची गरज आहे, हे मान्य होण्याच्या दिशेने त्याने पाऊल टाकले. कृषी खात्याचे ओझॅन यांनीही राबाचे प्रयोग केले. पुढे रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात राबाची गंभीरपणे दखल घेतली. म्हणजे आजोबांच्या आजोबांना जे ठाऊक होते, ते सिद्ध व्हायला एक आयोग, एक कृषीसंचालक आणि विलायतेहून आलेला एक रसायनतज्ज्ञ लागला.

परंतु माझा आक्षेप येथेच आहे. कारकिर्दीच्या हिशेबात 'आयोग नेमला' ही ओळ जमेच्या बाजूला पडते. आयोगाने जे सांगितले त्यातले कोळवणातल्या माणसापर्यंत किती पोहोचले, ही ओळ कोणत्याच बाजूला पडत नाही. राबाची गरज मान्य झाली, पण ती सवलत म्हणून, हक्क म्हणून नव्हे. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो, आणि ती मिळते की नाही, हे गव्हर्नरच्या ठरावापेक्षा नाक्यावरच्या पहारेकऱ्याच्या मर्जीवर अधिक ठरते. इलाख्याचा कारभार पाच वर्षांच्या मापाने मोजला जातो; राब मात्र दर उन्हाळ्यात नव्याने भाजावा लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. विहार आणि तुळशी मुंबईला पुरेनासे झाले होते. टुलॉक या अभियंत्याने १८७० च्या दशकात सुचवलेल्या तानसा योजनेला रे यांच्या काळात चालना मिळाली आणि काम सुरू झाले. श्रेय गव्हर्नरपेक्षा मुंबईच्या महापालिकेचे, हे न्यायाने म्हटले पाहिजे. दीड मैलापेक्षा लांब असे हे दगडी धरण आमच्या आटगाव स्थानकापासून काही मैलांवर उभे राहिले. तेथून पन्नासहून अधिक मैलांचा प्रवास करून पाणी मुंबईला गेले. १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तोवर रे परत गेले होते आणि गव्हर्नरपदी क्रिकेटवेडे लॉर्ड हॅरिस होते. एकाने पेरावे आणि दुसऱ्याच्या काळात फीत कापली जावी, हा प्रकार आपण समजतो तितका नवा नाही.

तानसानंतर वैतरणा आली, भातसा आली. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग आज शहापूर तालुक्यातून जातो. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. आमच्या शेजारच्या पाड्यावरील बायका टँकरच्या हॉर्नवर दिवस आखतात. रे यांना याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. परंतु धरण कोणासाठी, हा प्रश्न १८८५ मध्ये ज्या पद्धतीने सुटला, त्याच पद्धतीने तो पुढेही सुटत राहिला, हे खरे.

१८९२ हे साल आमच्या भागासाठी तिहेरी आहे. हंटर यांचा ग्रंथ त्या वर्षी निघाला. तानसाचे पाणी त्याच वर्षी मुंबईला गेले. आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर बंधने घालणारा कायदा केला. घरगुती दारू थांबवून अबकारीचे उत्पन्न वाचवायचे, हा त्यामागील हेतू. अंगणातल्या मोहाखाली पहाटे पडलेली फुले वेचून घरी साठवणे, हे ठाकुरांच्या बायकांसाठी उन्हाळ्याचे अन्न होते. कायद्याच्या दृष्टीने तो आता गुन्हा ठरू शकत होता.

वन आयोगाच्या साक्षींचे खंड मी सध्या वाचतो आहे. मोहाच्या कायद्यावर पुढील धागा लिहीन. आपल्या घरात राब, आवण, दळी किंवा मोहाविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेले काही असेल, तर ते येथे अवश्य लिहा; गावाचे नाव आणि साधारण साल दिल्यास उपयोग होईल.