जुलाबात पोर उपाशी ठेवलं म्हणून जंतू मरत नाहीत. ते शरीरातूनच खातात

पावसाळ्यात विहिरीला, नळाला गढूळ पाणी आलं की गावोगावी जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. अशा वेळी घरातली जुनी माणसं सांगतात, "पोट रिकामं ठेवा, आतले जंतू उपाशी मरतील." ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. रोगाचे जंतू फक्त आपल्या ताटातल्या जेवणावर जगत नाहीत. रोग्याच्या शरीरातूनही ते खाद्य काढून घेतात. उपाशी राहतं ते लेकरू.

चांगले जंतू आधीच बसलेले असतात
निरोगी माणसाच्या आतड्यात अब्जावधी जीवाणू कायम राहतात. बहुतेक निरुपद्रवी, बरेच उपयोगी. जागा आणि खाद्य त्यांनी आधीच धरलेलं असतं. पीक दाट असलं की तणाला वाव मिळत नाही, तसंच हे. त्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूला इतरांना न मिळणारं खाद्य शोधावं लागतं.

अमरवेलीसारखा रस ओढणारा ई. कोलाय
ई. कोलायच्या बहुतेक जाती त्रास देत नाहीत. पण लहान बाळांना जुलाब लावणारी एक जात आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटते आणि सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं पेशीत सोडते. याच यंत्रणेचे काही भाग वापरून हा जंतू पेशीतली पोषकद्रव्यं उलट ओढूनही घेतो, असं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. लसूणघासात पडलेली अमरवेल दुसऱ्याच्या खोडात शोषकं घुसवून रस पिते, तसाच हा प्रकार.

लोहाची ओढाताण
जंतूंना वाढायला लोह लागतं. शरीर ते प्रथिनांत बांधून ठेवतं. साल्मोनेला लोह पकडणारा एक पदार्थ बाहेर सोडतो. शरीर तो पदार्थच अडकवणारं प्रथिन तयार करतं. त्यावर साल्मोनेला त्याच पदार्थाला साखर जोडतो, मग शरीराच्या प्रथिनाला तो धरता येत नाही.

सूज आली की साल्मोनेलाचं फावतं
जंतूला मारण्यासाठी शरीर आतड्यात सूज आणतं. पण त्या गडबडीत टेट्राथायोनेट नावाचं गंधकाचं संयुग तयार होतं. साल्मोनेला ते ऑक्सिजनच्या जागी वापरतो. आतड्यातल्या बहुतेक जीवाणूंना ते जमत नाही. शिवाय आतड्याच्या झडलेल्या पेशींतून सुटणारं इथेनॉलअमाईनही तो खातो. म्हणजे जुलाब, सूज हा नुसता त्रास नाही, जंतूची ती सोय आहे.

पटकीचं विष
पटकीच्या (कॉलरा) जंतूच्या विषाचा शोध शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात लावला. या विषामुळे आतड्यातून पाणी आणि क्षार झपाट्याने बाहेर पडतात. याच विषामुळे जंतूला रोग्याच्या शरीरातलं लोह आणि स्निग्धाम्लंही मिळतात, हे अलीकडे कळलं. पण साखरेबरोबर मीठ आत घेण्याची आतड्याची वाट मात्र शाबूत राहते. ओआरएस चालतं ते म्हणूनच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य रुग्ण वाचवले.

मग करायचं काय?
- ओआरएसची मोठी पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा. घोट-घोट पाजत राहा. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या.
- पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.
- जेवण बंद करू नका. मऊ भात, वरण, खिचडी, केळं थोडं-थोडं द्या. तान्ह्या बाळाला अंगावरचं दूध चालूच ठेवा.
- लहान मुलांना झिंकच्या गोळ्या आशाताईंच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस द्या. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका.
- दुकानातून मनाने अँटिबायोटिक आणू नका. त्याने चांगले जंतूही मरतात आणि रोगजंतूला मोकळं रान मिळतं.
- पिण्याचं पाणी उकळून घ्या. गावच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते की नाही, ते ग्रामपंचायतीत विचारा.

शौचात रक्त, डोळे खोल जाणं, लघवी न होणं, पोर मलूल पडणं किंवा काहीच पोटात न टिकणं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट न बघता दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेतही ओआरएस पाजणं थांबवू नका.